कुंडीतील वनस्पती आणि हातगुणाचा प्रश्न

एका घरात लावलेले प्रत्येक रोप बहरते आणि शेजारच्या घरात, त्याच रोपवाटिकेतून त्याच दिवशी आणलेले रोप महिनाभरात माना टाकते. अशा वेळी आपल्याकडे सहज म्हटले जाते, ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ वाक्य कौतुकाचे आहे आणि वरवर पाहता निरुपद्रवीही आहे. परंतु ज्याचे रोप मेले त्या मुलाला हेच वाक्य दुसरी गोष्ट सांगत असते. दोष तुझ्या हातातच आहे, तो जन्माबरोबर आला आहे आणि त्यावर उपाय नाही, असे ते त्याला सांगते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘विद्या तुमच्या हातची नाही’ असे बजावण्यात आले, त्या समाजातील मुलामुलींनी असे कोणतेही वाक्य तपासल्यावाचून स्वीकारू नये.

तथागतांनी शिकविलेला कारणभावाचा सिद्धान्त सांगतो की, जे घडते ते कारणांमुळे घडते आणि कारण नाहीसे झाले की त्याचे फळही नाहीसे होते. हा सिद्धान्त समजून घेण्यासाठी मोठ्या ग्रंथाइतकीच खिडकीतील एक कुंडीही उपयोगी पडते. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील घरे लहान आहेत. अंगण नाही, परसबाग नाही. आहे ती एक खिडकी, तिची लोखंडी जाळी आणि फार तर हातभर सज्जा. वसतिगृहात तर प्रत्येकाच्या वाट्याला खिडकीचा एखादा कोपराच येतो. एवढ्या जागेतही रसाळ वनस्पती आणि घरातील शोभेच्या वनस्पती यांचा लहानसा संग्रह उत्तम रीतीने जोपासता येतो. तो कसा जोपासावा आणि त्यातून काय शिकावे, हे या लेखात क्रमाने पाहू.

१. रसाळ पान म्हणजे वनस्पतीची पोढी

आपल्यापैकी बहुतेकांनी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी पाहिली आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या या डोंगरावर अनेक शतके भिक्खुसंघाचा निवास होता. तेथील चैत्यगृह सर्वजण पाहतात. परंतु विहारांच्या दाराशी कोरलेली पाण्याची टाकी फार थोडे लोक लक्षपूर्वक पाहतात. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि उपासक-उपासिकांनी ती दान दिल्याची नोंद आहे. डोंगरउतारावर पडणारे पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून या पोढ्यांमध्ये उतरविले जाई. चार महिने पडणारे पाणी साठवून उरलेले आठ महिने काटकसरीने वापरण्याची ही व्यवस्था होती. अंधेरीच्या महाकाली लेण्यांच्या, म्हणजेच कोंडिविट्याच्या परिसरातही अशी टाकी आढळतात.

रसाळ वनस्पतींनी हीच युक्ती आपल्या देहात साधली आहे. कोरफडीचे पान आडवे कापून पाहा. बाहेर हिरवी साल, तिच्यावर मेणासारखा थर आणि आत पाण्याने भरलेला पारदर्शक गर दिसेल. पाऊस पडेल तेव्हा भरून घ्यायचे आणि पुढचे कोरडे महिने त्यावर काढायचे, हा या पानाचा जीवनक्रम आहे. काही वनस्पतींनी पाणी पानांत साठविले. कोरफड, पानफुटी आणि जेड ही त्यांची उदाहरणे. काहींनी ते खोडात साठविले. निवडुंग आणि शेर या वर्गातले. अडेनियमचा बुंधा सुजल्यासारखा दिसतो, तोही पाण्याच्या साठ्यामुळेच.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ‘कॅक्टस’ या कुळातील जवळजवळ सर्व वनस्पती रसाळ असतात, परंतु प्रत्येक रसाळ वनस्पती कॅक्टस नसते. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या लहानशा ठिपक्यातून पुंजक्याने उगवतात आणि एखादा अपवाद सोडल्यास हे कूळ मूळचे अमेरिका खंडांतील आहे. आपल्याकडील त्रिधारी निवडुंग दिसायला तसाच असला तरी तो युफोर्बिया या वेगळ्या गटातील आहे. त्याला खरचटले की पांढरा चीक येतो, ही त्याची ओळख. हा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून त्याला हात लावल्यावर हात धुतल्याशिवाय राहू नये. दोन भिन्न कुळे, दोन भिन्न खंड आणि तरीही रूप सारखे! सारखी परिस्थिती सारखे रूप घडविते, हा उत्क्रांतीचा मोठा धडा या दोन कुंड्या शेजारी ठेवल्या की मिळतो.

२. रात्री उघडणारी पर्णरंध्रे

सामान्य वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडते, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. परंतु दार उघडले की आतले पाणीही वाफ होऊन बाहेर पडते. वाळवंटातील वनस्पतीला हा खर्च परवडत नाही. म्हणून अनेक रसाळ वनस्पती दिवसा दार लावून घेतात आणि रात्री, हवा थंड झाल्यावर ते उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांत साठविला जातो. सकाळी ऊन आले की त्या आम्लातून तो मोकळा होतो आणि बंद दाराआड प्रकाशसंश्लेषण सुरू होते. या पद्धतीला पानफुटीच्या कुळावरून, म्हणजे क्रॅसुलेसीवरून नाव मिळाले आहे.

या शोधाच्या इतिहासात आपल्या देशालाही स्थान आहे. दक्षिण भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी पानफुटीचे पान दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिले. पहाटे ते अतिशय आंबट लागे, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट. १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. त्यांच्या हाती मोठी प्रयोगशाळा नव्हती. एकच पान तीन वेळा तपासावे, ही चिकाटी मात्र होती.

हा प्रयोग आपल्याला शाळेत करता येतो, पण चाखून करू नये. पानफुटीत हृदयाला घातक ठरू शकणारी द्रव्ये असतात. पहाटे उजाडण्यापूर्वी एक पान खुडावे, ठेचून थोड्या शुद्ध पाण्यात कालवावे आणि वैश्विक दर्शकाच्या कागदाने त्याचा सामू नोंदवावा. त्याच रोपाच्या तेवढ्याच आकाराच्या पानावर सायंकाळी पाच वाजता हीच कृती करावी. सकाळचा रस अधिक आम्लधर्मी असल्याचे कागदाच्या रंगावरून कळेल. दिवस उन्हाचा असेल तर फरक अधिक स्पष्ट दिसतो. त्याचे कारण विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.

३. मुंबईचा पाऊस आणि कुंडीतील मुळे

आता मुख्य अडचणीकडे वळू. रसाळ वनस्पती कोरड्या मुलखातील आणि आपले उपनगर अतिवृष्टीचे. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो; २६ जुलै २००५ रोजी तर चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर झाला होता. जून ते सप्टेंबर हवाही ओलीच असते. त्यामुळे मे महिन्यापर्यंत टवटवीत असलेले रोप ऑगस्टमध्ये बुंध्याशी मऊ पडते, काळे होते आणि एका सकाळी हात लावताच कोसळते. ‘पाणी तर रोज घालत होतो’ असे मूल म्हणते. मृत्यूचे कारण त्याच वाक्यात असते.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते आणि त्या हवेतील ऑक्सिजनवर मुळे जगतात. या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर ओल्या मातीतील बुरशी हल्ला करते आणि कूज वर चढते. मुळे कुजली की वर पाणी पोहोचत नाही, म्हणून पाने सुकल्यासारखी दिसतात. ती सुकली असे समजून आपण आणखी पाणी घालतो. अशा रीतीने करुणेपोटी केलेली कृतीही अज्ञानामुळे घातक ठरते.

म्हणून पहिली काळजी मातीची. रोपवाटिकेतून मिळणारी लाल माती एकटी वापरली तर काही महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. रसाळ वनस्पतींसाठी दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चाळलेला चुरा, एक भाग लाल माती आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण योग्य. विटांचा चुरा कोणत्याही बांधकामाजवळ मिळतो. चौपाटीवरची वाळू मात्र आणू नये, तिच्यातील मीठ मुळांना मारते. मनी प्लांटसारख्या पानांच्या वनस्पतींना ओल अधिक लागते. त्यांच्यासाठी लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घ्यावे.

दुसरी काळजी कुंडीची. भाजलेल्या मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते, म्हणून आपल्या हवेत रसाळ वनस्पतींना ती अधिक मानवते. कुंडीला तळाशी भोक असलेच पाहिजे. त्यावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. तळाशी खड्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, ही समजूत बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी जाड खड्यांत सहजासहजी उतरत नाही. ते खड्यांच्या वरच अडून राहते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. कुंडीही रोपाच्या मानाने फार मोठी नसावी, कारण मुळे न पोहोचलेली माती दीर्घकाळ ओली राहते.

तिसरी काळजी पाण्याची. येथे ‘मध्यम मार्ग’ या शब्दाचा पुष्कळदा चुकीचा अर्थ लावला जातो. खूप पाणी नको आणि अगदी कोरडेही नको, म्हणून रोज चमचाभर पाणी घालणे, हा मध्यम मार्ग नाही. त्याने वरची माती सदैव ओली आणि खालची मुळे सदैव तहानलेली राहतात. दोन्ही टोकांचे दोष एकाच कुंडीत गोळा होतात. मध्यम मार्ग म्हणजे प्रज्ञेचा मार्ग. पाणी द्यायचे तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पूर्ण द्यावे, त्यानंतर माती आतपर्यंत वाळू द्यावी आणि मगच पुन्हा द्यावे. माती वाळली की नाही हे कळण्यासाठी बांबूची बारीक काडी तळापर्यंत खुपसून बाहेर काढावी. काडीला ओली माती चिकटली तर थांबावे. कुंडी उचलून तिच्या वजनाचा अंदाज घेण्याची सवय लागली तर काडीचीही गरज उरत नाही. उन्हाळ्यात हा काळ आठ-दहा दिवसांचा असेल, तर पावसाळ्यात तीन आठवड्यांचाही असू शकेल. वाराचे वेळापत्रक भिंतीवर लावून पाणी घालू नये. मातीला विचारून घालावे.

पावसाळ्याच्या आरंभी रसाळ वनस्पतींच्या कुंड्या थेट पावसातून काढून आडोशाला, पण उजेडात ठेवाव्यात. दोन कुंड्यांमध्ये वारा खेळेल इतके अंतर ठेवावे. या चार महिन्यांत खत देऊ नये.

४. खिडकीची दिशा ओळखा

रोपांचे दुसरे अन्न प्रकाश. आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड पुरेसा वाटतो, पण खिडकीपासून चार पावले आत गेले की तो रोपाच्या दृष्टीने कितीतरी पटींनी घटतो. रसाळ रोपाला प्रकाश कमी पडला की ते उंच, बारीक आणि फिकट होत जाते. दोन पानांमधले अंतर वाढते. पुष्कळांना ही वाढ जोमाची वाटते. प्रत्यक्षात रोप उजेडाच्या शोधात आपली शिल्लक खर्च करीत असते.

मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. हेच आपले ‘शून्य सावलीचे दिवस’. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. वर्षाच्या उरलेल्या काळात तो दक्षिणेकडे असतो. डिसेंबरात तो इतका कलतो की दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच राहतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर येतो. यावरून पुढील गोष्टी निघतात. दक्षिणेची खिडकी हिवाळ्यात रसाळ वनस्पतींना उत्तम. पूर्वेचे कोवळे ऊन जवळजवळ सर्व रोपांना चालते. पश्चिमेचे एप्रिल-मे महिन्यांतील ऊन पाने भाजू शकते, तेथे पातळ पडदा लावावा. उत्तरेची खिडकी मनी प्लांट, स्नेक प्लांट, झी झी यांना द्यावी. समोर उंच इमारत उभी राहिली असेल तर ही सर्व गणिते बदलतात. अशा वेळी दुपारी पांढऱ्या कागदावर हात धरून सावली पाहावी. कडा ठळक असतील तर प्रकाश रसाळ वनस्पतींना पुरेल. सावली पुसट असेल तर पानांची रोपे ठेवावीत. सावलीच पडत नसेल तर तेथे रोप ठेवणे ही त्याची उपासमार आहे.

रोपे निवडतानाही हवामान पाहावे. गुलाबाच्या आकाराची देखणी एचेव्हेरिया मेक्सिकोच्या उंच, थंड रात्रींच्या प्रदेशातील आहे. आपल्या दमट उकाड्यात ती क्वचितच टिकते. ज्यांचा पहिलाच संग्रह आहे त्यांनी स्नेक प्लांट, कोरफड, पानफुटी, जेड, अडेनियम आणि ऑफिस टाइम यांपासून सुरुवात करावी. यांतील बहुतेक रोपे विकत घेण्याचीही गरज नाही. ती कोणाकडून तरी मागून आणता येतात. कशी, ते पुढे पाहू.

५. पाच प्रकारची बीजे, आणि सहावा

विनयपिटकात भिक्खूंसाठी असा नियम आहे की, त्यांनी जिवंत वनस्पतीचा नाश करू नये. आळवी येथील भिक्खू झाडे तोडू लागले, तेव्हा लोकांनी टीका केली. लोक झाडांत जीव मानतात हे लक्षात घेऊन भगवंतांनी हा नियम केला, अशी त्याची कथा आहे. नियम भिक्खूंचा आहे. शेतकरी उपासकाला नांगर धरण्यास त्याने मनाई केलेली नाही. परंतु वनस्पती म्हणजे काय हे स्पष्ट करताना तेथे जे वर्गीकरण दिले आहे ते माळीकामाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल. वनस्पती पाच प्रकारच्या बीजांपासून उत्पन्न होतात, असे तेथे सांगितले आहे.

पहिले मूलबीज, उदाहरणे हळद, आले, वेखंड. आजचे शास्त्र यांना मूळ न म्हणता जमिनीखालचे खोड म्हणते, परंतु लागवडीचे तत्त्व तेच. स्नेक प्लांट आणि झी झी यांचे गड्डे वेगळे करून नवी रोपे करतात ती याच मार्गाने.

दुसरे खंधबीज, म्हणजे खोडापासून. उदाहरणे पिंपळ, वड, उंबर. आपल्या संग्रहातील जेड आणि शेर यांची फांदी अशी लावता येते. रसाळ फांदी कापल्यावर मात्र लगेच मातीत खोचू नये. तीन-चार दिवस सावलीत ठेवून कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरू द्यावी.

तिसरे फळुबीज, म्हणजे पेरापासून. उदाहरणे ऊस आणि वेळू. मनी प्लांट याच मार्गाने वाढतो. त्याचे नुसते पान पाण्यात ठेवले तर कितीही काळ हिरवे राहील, पण वेल होणार नाही. पेर सोबत असेल तरच कोंब फुटतो.

चौथे अग्गबीज, म्हणजे शेंड्यापासून. तेथे तुळशीच्या वर्गातील सुगंधी वनस्पतींचे उदाहरण आहे. कोलियस आणि ऑफिस टाइम यांचे बोटभर शेंडे ओल्या मातीत खोचले की आठवड्या-दोन आठवड्यांत मुळे धरतात.

पाचवे बीजबीज, म्हणजे धान्ये आणि कडधान्ये यांप्रमाणे बियांपासून. निवडुंग आणि अडेनियम बियांपासून करता येतात. परंतु निवडुंगाचे रोप सुपारीएवढे व्हायलाही वर्षे लागतात. ज्याला धैर्य शिकायचे असेल त्याने हा मार्ग धरावा.

या पाचांत पानापासून होणारी उत्पत्ती नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेला, प्रत्येक खाचेत, मुळांसकट चिमुकली रोपे येतात. पानफुटी मूळची मादागास्कर बेटावरची. तेव्हा प्राचीन यादीत सहावा प्रकार आढळला नाही तर त्यात आश्चर्य नाही आणि यादीचा कमीपणाही नाही. जे पाहिले ते नीट मांडले आणि पुढच्यांसाठी जागा मोकळी राहिली, हीच ज्ञानाची रीत आहे. स्नेक प्लांटही पानाच्या तुकड्यापासून होतो. पण पिवळ्या काठाच्या जातीचे पान लावले तर नवे रोप साधे हिरवे निघते. काठ हवा असेल तर गड्डाच वेगळा करावा लागतो.

या पाच-सहा मार्गांचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. ज्या छंदात वस्तू वाटल्याने संपत नाही, उलट वाढते, तो छंद गरिबाच्या घरातही श्रीमंतीने चालतो. एका जेडच्या रोपापासून वर्गातील चाळीस जणांना एकेक फांदी मिळू शकते.

६. आजारी रोपाची शुश्रूषा

महावग्गात आजाऱ्याची सेवा कोणी करावी याचे विवेचन आहे. चांगला शुश्रूषक औषध तयार करू शकतो. आजाऱ्याला काय मानवते आणि काय मानवत नाही हे जाणतो, न मानवणारे दूर करतो आणि मानवणारे जवळ आणतो. लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो. घाण काढण्याची किळस करीत नाही. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने धीर देतो. पाचवा गुण रोपाच्या उपयोगी पडणार नाही, पण पहिले चार तंतोतंत लागू पडतात.

बुंधा मऊ झाला असेल तर रोप उपटून पाहावे. स्वच्छ पातीने काळा भाग कापत वर जावे, आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत. उरलेला भाग आठवडाभर सावलीत वाळवून कोरड्या रेतीत लावावा आणि पुढचा आठवडा पाणी देऊ नये. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप ताबडतोब इतरांपासून दूर न्यावे. साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या कापसाने ते पुंजके पुसून काढावेत, चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहावे. लवकर लक्ष गेले तर काम पुसण्यावर भागते. उशीर झाला तर विषारी फवाऱ्याची वेळ येते. जीवहत्या टाळू इच्छिणाऱ्याने म्हणूनच रोज निरीक्षण करावे. नवे रोप आणले की पंधरा दिवस वेगळे ठेवण्याचा नियमही असाच उपयोगी आहे.

७. काही समजुतींची तपासणी

मनी प्लांट घरात लावला की पैसा येतो. तो चोरून आणला तर अधिक येतो. निवडुंग घरात असेल तर कलह होतो. या समजुतींना कोणताही आधार नाही. वेलीच्या नावात पैसा आला तो इंग्रजी भाषेतून. आणि चोरीने समृद्धी येते असे मानणे हे पंचशीलातील दुसऱ्या शीलाच्या सरळ विरोधात आहे.

काही समजुती मात्र विज्ञानाचा वेष घेऊन येतात, त्यांची तपासणी अधिक काळजीने करावी लागते. घरातील रोपे हवा शुद्ध करतात, असे रोपवाटिकेतील पाट्यांवर लिहिलेले असते. अमेरिकेच्या नासा या संस्थेचा १९८९ सालचा अहवाल त्याला आधार म्हणून दिला जातो. तो प्रयोग खरा आहे, पण तो लहान, बंदिस्त पेट्यांत झाला होता. खरी खोली तशी बंद नसते. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले. इमारतीत सहज होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत रोपे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे हवा शुद्ध हवी असेल तर खिडकी उघडावी. त्याचप्रमाणे स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतो, हेही खरे नाही. आपण वर पाहिले की तो रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो. ऑक्सिजन निर्माण होण्यासाठी प्रकाशच लागतो.

उलट, खरा धोका आहे तिकडे पुष्कळांचे लक्ष नसते. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो. कुंडीखालची थाळी, बाटलीत ठेवलेला मनी प्लांट, काचेच्या भांड्यातील शोभेचा बांबू, ही त्याची आवडती ठिकाणे. अंड्यापासून डास होण्यास सात ते दहा दिवस पुरतात. मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी घालते आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्यातून एकदा थाळ्या आणि बाटल्या घासून कोरड्या कराव्यात. शंका असेल तर पावसाळ्यात थाळ्याच काढून टाकाव्यात. शंभर मुले एकत्र राहतात अशा वसतिगृहात ही जबाबदारी प्रत्येक कुंडीच्या मालकाची आहे. मनी प्लांटचे पान चघळल्यास तोंड व घसा सुजतो, म्हणून लहान भावंडांच्या हाती तो लागणार नाही असे पाहावे.

८. डोंगराचे ते डोंगरावर

संग्रहाचा छंद वाढला की दुर्मीळतेचा मोह होतो. महाराष्ट्राची स्वतःची एक विलक्षण रसाळ वनस्पती आहे, फ्रेरिया इंडिका. मराठीत तिला शिंदळमाकडी म्हणतात. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून १८६० च्या दशकात तिचे नामकरण झाले. जगात ती केवळ सह्याद्रीच्या काही कड्यांवर आढळते. जुन्नरचा शिवनेरी त्यांपैकी एक. त्याच शिवनेरीच्या अंगाखांद्यावर बौद्ध लेणीही आहेत. पावसाळ्यात तिला पाने येतात, गडद तांबड्या रंगाची, पिवळसर नक्षीची, चांदणीच्या आकाराची फुले येतात. कोरड्या दिवसांत पाने गळतात आणि मांसल खोडावर ती उन्हाळा काढते. जे तत्त्व आपण पोढीत पाहिले तेच येथे उघड्या कड्याला चिकटून जगत आहे.

अशी वनस्पती कड्यावरून उपटून खिडकीत आणणे म्हणजे शिलालेखाचा तुकडा फोडून घरी आणण्यासारखे आहे. जगाच्या बाजारात रसाळ वनस्पतींची मागणी वाढल्यापासून दक्षिण आफ्रिकेच्या माळरानावरील लहान लहान रोपे चोरून विकली जाऊ लागली आणि कित्येक जाती संकटात आल्या. आपल्या राष्ट्रीय उद्यानातून रोप किंवा फांदी आणणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी विचार यावा. जे रोप मागून, विकत घेऊन किंवा आपल्या हाताने वाढवून मिळते तेच आपल्या संग्रहात असावे. कान्हेरीला जाल तेव्हा खडकाच्या फटीतील रोपे पाहा, त्यांचे चित्र काढा, ती कोणत्या दिशेला, किती मातीत उभी आहेत हे टिपून घ्या, आणि ती तेथेच राहू द्या.

९. नोंदवही

या सर्वांतून हातगुणाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ज्यांचा हात ‘चांगला’ म्हटला जातो त्यांना जाता-येता कुंडीकडे पाहण्याची सवय असते. पान किंचित सुरकुतले, रंग फिका झाला, माती ओली राहिली, हे त्यांना इतरांआधी दिसते. ही सवय कोणालाही लावून घेता येते. त्यासाठी प्रत्येक रोपाला नोंदवहीचे एक पान द्यावे. रोप कोठून आणले, कोणत्या खिडकीत ठेवले, पाणी कोणत्या तारखेला दिले, नवे पान केव्हा आले, हे त्यात लिहावे. रोप मेले तर तारीख लिहावी आणि खाली कारण लिहावे. ‘नशीब’ हे कारण लिहिण्यास मनाई असावी. एका वर्षाने वही चाळली तर मेलेल्या रोपांनी जिवंत रोपांइतकेच शिकविले आहे, असे दिसून येईल.

स्वाध्याय

(१) आपल्या खोलीतील खिडकी कोणत्या दिशेची आहे? जून आणि डिसेंबर या महिन्यांत दुपारी बारा वाजता त्या खिडकीतील हाताची सावली कशी पडते, ते नोंदवा.

(२) पानफुटीच्या पानाचा सकाळचा आणि सायंकाळचा सामू तपासा. ढगाळ दिवशी फरक कमी का पडतो?

(३) एकाच आकाराच्या दोन कुंड्यांत, एकीत केवळ लाल माती आणि दुसरीत वर सांगितलेले मिश्रण भरा. दोन्हींत तेवढेच पाणी घाला. माती तळापर्यंत वाळण्यास किती दिवस लागतात?

(४) पाच बीजांपैकी प्रत्येक प्रकाराचे एक उदाहरण शाळेच्या आवारात किंवा स्वयंपाकघरात शोधा.

(५) सुट्टीत घरी जाताना एक रोप सोबत न्या आणि त्याची एक फांदी शेजाऱ्याला द्या. तिची काळजी कशी घ्यावी हे त्यांना कारणांसह समजावून सांगा.